गाडीत एक व्यक्ती आहे

१

लोकांच्या घरी जाऊन रक्त काढणं हे माझं काम. बावीस वर्षं झाली. सकाळी सहाला सुरुवात करायची, आठ-नऊ घरं करायची आणि साडेदहाच्या आत नमुन्यांची पेटी लॅबच्या खिडकीत द्यायची. उशीर झाला तर बर्फाच्या पिशव्या घाम सोडतात आणि नमुने वाया जातात. उपाशीपोटी बसलेली माणसं दार उघडून माझ्याकडे कशी बघतात, ते सांगण्यात अर्थ नाही. मला त्याचं आता काही वाटत नाही.

आधी मी स्कूटरवर फिरायचो. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला लावली, आणि लॅबनं मला एका कंपनीचं सभासद करून दिलं. या कंपनीच्या गाड्या ठिकठिकाणी स्टँडवर उभ्या असतात. फोनवर बटण दाबलं की गाडी उघडते. आपणच चालवायची, काम झालं की असेल तिथे नीट लावायची आणि ‘ट्रिप संपवा’ दाबायचं. दारं लॉक होतात. नंतर दुसरा कुणी सभासद तीच गाडी घेऊन जातो.

सहा महिने माझी काही तक्रार नव्हती. कधी सीटवर बिस्किटांचा चुरा असायचा, कधी कुणाच्या अत्तराचा वास, एवढंच. पेटी मी शेजारच्या सीटवर ठेवायचो आणि तिला पट्टा लावायचो.

त्या मंगळवारी दहा वाजून बारा मिनिटांनी मी लॅबच्या तळघरात गाडी लावली. पेटी काढली, दार लावलं, बटण दाबलं. फोन थरथरला.

‘ट्रिप संपवता येत नाही. गाडीत एक व्यक्ती आहे.’

मी खाली वाकून काचेतून आत बघितलं. आता हसू येतं, पण तेव्हा मी खरंच वाकून बघितलं. आत कुणी नव्हतं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. म्हटलं राहू दे, पेटी वर देऊन येतो, तर दहा पावलं गेलो नाही तोच गाडीचा भोंगा सुरू झाला. लहान मुलं गाडीत विसरून जाऊ नयेत म्हणून कंपनीनं ती सोय केलेली आहे. परत गाडीजवळ आलो की भोंगा बंद.

मग फोन लावला. भाषा निवडा, सभासद असाल तर एक दाबा, तक्रार असेल तर चार दाबा. तेवीस मिनिटं, वाट बघायला लावताना वाजवतात ती बासरी ऐकली. शेवटी एक मुलगी आली. तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सर, मागच्या डाव्या सीटवर.”

मी म्हटलं, अहो मागे कुणीच नाही. ती म्हणाली, सर, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तिनं तक्रारीचा अकरा आकडी नंबर दिला, दोनदा वाचून दाखवला, आणि त्यांच्याकडून ट्रिप बंद करून दिली. मी पेटी घेऊन जिना चढलो, गुडघा दाबत. दहा बावन्न झाले होते.

२

दुसऱ्या दिवशी मुद्दाम वेगळ्या स्टँडवरून वेगळी गाडी घेतली. आदल्या दिवशीची पांढरी होती, ही राखाडी, जरा नवी. मनात म्हटलं, त्या गाडीचा सेन्सर बिघडला असेल, माझा काय संबंध.

दहा वाजून पाच मिनिटांनी तळघरात तोच मजकूर आला.

त्यानंतरचे दिवस मला एकमेकांत मिसळल्यासारखे आठवतात. रोज वेगळी गाडी, रोज तोच मजकूर. रोज फोनवर नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. मी अकरा आकडी नंबर सांगायचो, मग तो म्हणायचा, सर, हा नंबर जुन्या तक्रारीचा आहे, मी आपल्याला नवीन देतो. एकानं मला ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. एकानं गाडीच्या चारही दारांचे फोटो मागितले. एका मुलीनं फोन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं, मी केला, आणि अर्थातच ती लाइन गेली ती गेलीच. बासरीनं डोकं पिकलं. घरी भांडी घासताना मी ती गुणगुणतोय, हे बायकोनं दाखवून दिलं तेव्हा मला कळलं.

लॅबच्या इनचार्ज बाई कडक आहेत, पण वाईट नाहीत. पहिले तीन दिवस त्यांनी चालवून घेतलं. शुक्रवारी नऊच्या नऊ नमुने फेकून द्यावे लागले. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं की सभासदत्व तुमच्या नावावर आहे, ते तुम्हीच निस्तरा. तिसऱ्या मजल्यावरून रोज पेटी न्यायला खाली पाठवायला माझ्याकडे माणूस नाही. आणखी एकदा असं झालं तर घरोघरी जायचं काम मी दुसऱ्या कुणाला देईन. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या नऊ जणांकडे मला पुन्हा जावं लागलं. त्यांत एक पोस्टमास्तर होते, निवृत्त, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या शिरा अशा बारीक की सुईला सापडत नाहीत. पहिल्या वेळी तिसऱ्या टोचणीत रक्त मिळालं होतं. आता पुन्हा हात पुढे करताना ते एवढंच म्हणाले, “पहिलं कुठे सांडलंत?”

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यानंतर मी पहाटे पाचलाच निघायला लागलो, म्हणजे बासरी ऐकूनही पेटी वेळेत पोचायची.

३

मी तसा भाबडा माणूस नाही. बाटलीवर चुकीचं नाव लागलं तर कुणाच्या जिवावर बेतू शकतं, अशा कामात आयुष्य गेलंय. एखादी गोष्ट पटकन ठरवून टाकायची नाही, आधी तपासायची, ही सवय अंगात मुरली आहे. म्हणून मी तपासत गेलो.

मागच्या सीटवर पाण्याची भरलेली मोठी बाटली ठेवून बघितली, मजकुरात फरक नाही. बाटली काढली, फरक नाही. सीटखाली हात घालून वायर ओढून बघितली. सीटवर तळहात टेकवून बसलो. मागचा पट्टा आधी लावून ठेवला. पुढच्या दिवशी सोडून ठेवला. एकदा तर उजव्या सीटवर स्वतः जाऊन बसलो आणि बटण दाबलं, तेव्हा फोननं सांगितलं, ‘गाडीत दोन व्यक्ती आहेत.’ म्हणजे यंत्राला मोजता येत होतं. मी लगेच उतरलो.

त्या दिवशी फोनवर एक तरुण होता, जरा बोलका. त्याला मी म्हटलं की तुमची सिस्टम सामानाला माणूस समजत असेल.

“नाही सर,” तो म्हणाला, “सामान आणि व्यक्ती यातला फरक सिस्टमला कळतो.”

“कसा?”

“सामान हलत नाही ना, सर.”

त्यानं ट्रिप बंद करून दिली आणि विचारलं, आणखी काही मदत करू शकतो का. मी नाही म्हटलं. तळघरात हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा आहे, तो एकसारखा घरघरत असतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो पंखा नको वाटला. त्याच्या आवाजाखाली दुसरा एखादा बारीक आवाज असता, तर तो मला ऐकू आला नसता.

४

बायको शिवणकाम करते. पडदे, खुर्च्यांची कव्हरं, असलं. तिचा स्वभाव माझ्याहून खमका. आठवडाभर ऐकून घेतल्यावर ती म्हणाली की आपल्या धुण्याच्या मशीनचं असंच झालं होतं, आत कपडा नसताना ‘कपडे जास्त’ दाखवायचं. तुम्ही उगाच डोक्यात घेताय. रविवारी मी येते, बघते.

रविवारी सकाळी आम्ही स्टँडवरून गाडी घेतली. तिच्यासाठी मी पुढचं दार उघडलं, तर ती म्हणाली, नाही, मी मागेच बसते, त्याशिवाय कसं कळणार. उजव्या बाजूनं आत शिरली. मी गाडी काढली. रस्ते मोकळे होते, ऊन छान पडलं होतं. ती आधी बोलत होती, कुणाच्या पडद्यांचं माप चुकलं वगैरे. मग सीटच्या कापडाबद्दल काहीतरी म्हणाली. मग गप्प झाली. मला वाटलं, बाहेर बघत असेल.

पाचेक मिनिटांनी ती म्हणाली, “जरा बाजूला घ्या.”

मी गाडी थांबवली. ती उतरली, दार लावलं, आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसली. पट्टा लावला. पर्स मांडीवर घट्ट धरली. काय झालं विचारलं तर म्हणाली काही नाही, चला.

घरी पोचल्यावर तिनं चहा टाकला, मशीनवरचं काम घेतलं, सुईत दोरा ओवला. मी पुन्हा विचारलं. दोरा दातानं तोडत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “मागे अडचण होत होती.”

“कसली?”

“बसायला. सारखं सरकून घ्यावं लागत होतं.” मग मशीनचं चाक फिरवत म्हणाली, “अहो, ते सभासदत्व बंद करून टाका.”

५

बंद करायचं म्हणजे पुन्हा फोन. त्यासाठी सात दाबायचं असतं. सात दाबल्यावर बासरी बदलते, एवढाच फरक.

त्यांनी सांगितलं की आपल्या खात्यावर एक ट्रिप अपूर्ण आहे, ती पूर्ण झाल्याशिवाय सभासदत्व बंद होत नाही. मी म्हटलं, सगळ्या ट्रिपा तुम्हीच तर रोज बंद करता. हो सर, त्या आपल्या ट्रिपा. ही आपल्यासोबतच्या व्यक्तीची आहे. ती त्या पहिल्या मंगळवारपासून चालू आहे.

मी लेखी तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, आपल्यासोबतच्या व्यक्तीचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय या प्रकरणी निर्णय घेता येणार नाही, तोपर्यंत सहकार्य करावे. एक दिवस अर्धी रजा टाकून त्यांच्या ऑफिसात गेलो. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक खोली, चार खुर्च्या, बंद काचेची खिडकी आणि भिंतीवर एक फोन. फोन उचलला की तोच नंबर लागायचा. भाषा निवडा. मी तिथेच, त्या खोलीत उभा राहून एकोणीस मिनिटं बासरी ऐकली आणि परत आलो. येताना चालत आलो. गुडघा दुखत होता, पण गाडीत बसायचं जिवावर आलं होतं.

घरी कुणी जास्त काही विचारलं नाही. बायको माझ्यापुरती पोळी वाढायची आणि बाजूला बसून राहायची. मी बारीक होत चाललोय असं तिला वाटत होतं. मला नुसती झोप येत होती. दुपारी येई, गाडी चालवताना येई, लोकांच्या दंडाला पट्टा बांधताना येई. इतकं थकल्यावर भीतीलाही माणूस कंटाळतो. मी आरशात बघायचं सोडून दिलं होतं. गाडी मागे घेताना मान वळवायचो नाही, अंदाजानंच घ्यायचो.

आणि मी गाडी हळू चालवायला लागलो होतो. खड्डा दिसला की जपून. वळण आलं की सावकाश. एक दिवस मागची काच उघडी होती, तर मी पुढूनच बटण दाबून ती थोडी वर घेतली, वारा लागेल म्हणून. घेतल्यावर माझ्या लक्षात आलं.

६

तिसऱ्या सोमवारी इनचार्ज बाईंनी पेटी न्यायला माणूस खाली पाठवला आणि त्याच्या हाती निरोप दिला की उद्यापासून येऊ नका, कळवू. मी गाडीच्या पुढच्या सीटवर बसलो होतो. कानाला फोन, फोनवर बासरी. ठरवलं की आज हलायचं नाही.

पहिल्या मुलीला मी सांगितलं की वरच्या माणसाशी बोलायचंय. तिनं दुसरीकडे दिलं, दुसऱ्यानं तिसरीकडे. शेवटी एक बाई आल्या. आवाज माझ्या वयाचा, दमलेला. बोलताना मधे खोकत होत्या. त्यांनी मला पहिल्यापासून सांगायला लावलं नाही. म्हणाल्या, माझ्यासमोर सगळं आहे, सर. ते ऐकून माझे डोळे भरून आले, इतका मी टेकीला आलो होतो.

“फोन स्पीकरवर ठेवाल का?” त्यांनी विचारलं.

ठेवला.

“आता जरा मागे धरा.”

मी मान न वळवता हात मागे केला, दोन सीटांच्या मधून.

“नमस्कार,” बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता, आजारी माणसाशी बोलतो तसा. “मी कंपनीकडून बोलतेय. बरे आहात ना?”

पंखा घरघरत होता. लांब कुठेतरी एक दार आपटलं.

“हो,” बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “हो, कळतंय मला. त्यांच्या लक्षात आलं नसेल.”

माझा हात अवघडला. मी तो दुसऱ्या हातानं कोपरात धरून ठेवला. फोनमधून कीबोर्डचा आवाज यायला लागला. बाई टाइप करत होत्या. थांबत होत्या, ऐकत होत्या, पुन्हा टाइप करत होत्या. तीन-चार मिनिटं तरी हे चाललं. एवढं टाइप करण्यासारखं काय होतं, कोण जाणे. मला पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. शपथेवर सांगतो.

“बरं. मी सांगते त्यांना,” बाई म्हणाल्या. आणि मग मला, “सर?”

मी हात पुढे घेतला. बोटं बधिर झाली होती.

“सर, तुम्ही त्यांना अजून घरी सोडलेलं नाही.”

मी म्हटलं की मला काहीच ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही पुढे बसता ना, सर. मी पत्ता विचारला. त्या म्हणाल्या, पत्ता तुमच्या यादीत आहे असं ते म्हणतात. मग खोकल्या आणि अगदी घरच्यासारखं म्हणाल्या, “आज सोडा त्यांना. फार दिवस झाले.”

७

माझी यादी म्हणजे लॅबच्या फोनवरचे पत्ते. महिनाभरातली दोनशेच्या वर घरं. पण उद्यापासून काम नव्हतंच. मी गाडी काढली.

एका घरासमोर थांबायचं, ‘ट्रिप संपवा’ दाबायचं, मजकूर वाचायचा, पुढे जायचं. काही घरांची माणसं बाहेर आली, आज कुठली तपासणी म्हणून विचारू लागली. मी चुकून आलो म्हणायचो. पोस्टमास्तर गॅलरीत बसले होते. त्यांनी मला बघून हात हलवला. मी गाडी काढायच्या बेतात असताना त्यांनी पुन्हा एकदा हात हलवला, या वेळी गाडीच्या मागच्या बाजूला बघत, जरासं हसून.

दुपारचे चार वाजले. एकोणचाळीस घरं झाली होती. मी सावलीत गाडी थांबवून यादी खालपर्यंत बघितली, तेव्हा रद्द झालेल्या नोंदींमध्ये एक पत्ता दिसला. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, त्याच मंगळवारची, सकाळी साडेआठची वेळ. मी तिथे कधी गेलो नव्हतो. मी निघायच्या आधीच कुणीतरी ती नोंद रद्द केली होती.

गल्ली पुढे बंद होती. शेवटचं घर, बुटकं कुंपण, हिरवं फाटक. फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. साठी ओलांडलेल्या, पांढरे केस, पायात घरातल्या चपला, हातात फोन. गाडी दिसल्याबरोबर त्यांनी फाटक उघडलं. मी काच खाली केली.

“किती उशीर,” त्या म्हणाल्या. रागावून नाही, रागावून झालेलं होतं. “तीन आठवडे फोन करतेय मी तुमच्या या गाडीच्या कंपनीला. रोज वेगळी मुलगी. रोज एकच सांगतात, गाडी निघालीय, वाटेत आहे.”

त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. मागचं डावं दार उघडलं आणि दाराच्या वरच्या कडेला आतून तळहात लावला, उतरणाऱ्याच्या डोक्याला लागू नये म्हणून.

“ये दादा,” त्या म्हणाल्या. “सावकाश. घाई नाही कसली.”

मी आरशात बघितलं. बघणार नव्हतो, पण बघितलं. सीट दबलेली होती. तिचं कापड सुरकुतलेलं होतं आणि त्या सुरकुत्या एकेक करून उलगडत होत्या. आतला फोम हळूहळू वर येत होता. मग गाडी डाव्या अंगाला बोटभर उचलली गेली आणि स्थिर झाली.

त्या ताईंनी दार लावलं. कुणाला तरी आधार द्यावा तसा त्यांनी आपला हात कोपरात वाकवून पुढे धरला होता, आणि त्या चालायला लागल्या. दोनदा थांबल्या, दम खाऊ द्यावा तशा. पायऱ्यांपाशी मोजल्या त्यांनी, एक, दोन, आणि ही उंच आहे बघ. दोघं आत गेली. मी ‘दोघं’ म्हणतोय. दुसरं काय म्हणू?

फोन थरथरला. ‘ट्रिप संपली.’

८

मी लगेच निघायला हवं होतं. नवी ट्रिप सुरू केली, गाडी उघडली, इंजिन चालू झालं. पण गाडी काही काढली नाही. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसलो. वाटलं, घरी जावं, बायकोला सांगावं की झालं, संपलं, आणि दोन दिवस झोपावं.

घराचं दार उघडलेलं ऐकू आलं म्हणून मान वर केली. ताई बाहेर आल्या होत्या. पायात चपला नव्हत्या. बाळ झोपलेलं असताना लावतात तसं त्यांनी दार अलगद लावलं, आणि बाहेरून कडी घातली. वाटेनं न येता फुलझाडांतून सरळ आल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.



“हा आमचा नाही,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, म्हणजे काय. त्या सांगायला लागल्या की खुर्चीत बसवलं, उशी दिली, पाणी आणायला वळले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. उजवा तळहात उघडून बघितला, साडीला पुसला, पुन्हा बघितला.

“एवढं हाताला धरून आणलं मी,” त्या म्हणाल्या. “मला कळायला हवं होतं.”

आतून नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी बराच वेळ पडत होतं. मग बंद झालं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कपाट उघडल्याचा. नव्या घरात कुठे काय आहे ते बघतात, तसं आत कुणीतरी बघत होतं.

मी गाडी गिअरमध्ये टाकली. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. बर्फासारखा गार होता.

“मला इथून नाही जाता येणार,” त्या म्हणाल्या. “दादा यायचाय अजून.”

त्यांनी फोन काढला, न बघता नंबर लावला, एक दाबलं, चार दाबलं. गाडीत बासरी सुरू झाली.

“वेळ लागेल,” मी म्हटलं.

“माहीत आहे. तुम्ही जा हवं तर.”

मी जाऊ शकत होतो. घरी माझी वाट बघणारं माणूस होतं, गाडी चालू होती, आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. मी त्या बाईंच्या अनवाणी पायांकडे बघितलं. पायांना माती लागली होती. मी इंजिन बंद केलं.

एकवीस मिनिटांनी पलीकडे मुलगी आली. आवाज ताजा, नवीन असावी. नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते. ताईंनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दादा, मंगळवार, गाडी. मुलगी मधे मधे हो मॅडम म्हणत होती.

समोर दाराची कडी आतून ढकलल्यासारखी एकदा हलली. मग थांबली, आपण कुणाचं दार वाजवून वाट बघत उभे राहतो तशी.

“मॅडम,” मुलीनं विचारलं, “ती व्यक्ती आता आपल्यासोबत आहे का?”